हात पुढे, तोंड बंद

आमच्याकडे पेशंट समोर येऊन बसला की आधी हात पुढे करतो आणि मग तोंड बंद करतो. पुरुष असेल तर उजवा हात, बाई असेल तर डावा. मी विचारते, "काय होतंय?" तो माझ्याकडे बघतो. मी विचारते, "कुठं दुखतंय?" तो आपल्या हाताकडे बघतो. म्हणजे हात दिलाय ना तुमच्या हातात, आता तुमचं काम सुरू. आपण होऊन सांगून टाकलं तर मग डॉक्टर कशाला पाहिजे? पेपर फोडून पास व्हायचं असेल तर कुणीही होईल, असा एकूण भाव असतो.

मी परभणीत राहते. दुखण्यावर सुयांनी उपचार करण्यात माझं आयुष्य गेलं. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, बोरीलाही बसायची. शहरात याला अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात. बोरीत मी नुसती 'सुईवाली बाई'. आता बोटं थोडी थरथरायला लागली म्हणून काम बंद केलं आहे, पण हात पुढे येणं काही बंद झालेलं नाही. परवा बँकेच्या रांगेत उभी होते, तर मागच्या गृहस्थांनी ओळख पटताच बाही वर सरकवली. मी म्हटलं, "अहो, मी पासबुक भरून घ्यायला आलेय." ते म्हणाले, "मंग घ्या की भरून, तवर नाडी बगा."

ज्यांनी हा उपचार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सुई केसासारखी बारीक असते आणि आत औषध नसतं. या दुसऱ्या गोष्टीने लोकांचा फार विरस व्हायचा. "औषध भरायचं राह्यलं का बाई?" असं कुणीतरी काळजीने विचारायचंच. वालूरचे एक कापसाचे व्यापारी होते, त्यांची तक्रार वेगळीच. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला जास्त सुया लावल्या की यांचा चेहरा पडायचा. एकदा म्हणाले, "बाई, पैशे तर सारखेच घेता, मंग आमाला काहून कमी?" मी त्यांना समजावलं की सुया मोजून लावत नाहीत, जागा बघून लावतात. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी आल्या आल्या म्हणाले, "आज जरा सढळ हातानं होऊ द्या."

तर जागा बघून लावायच्या, आणि जागा ठरते दुखण्याच्या जातीवरून. इथेच माझं कपाळ फुटतं. चिनी वैद्यांनी दुखण्याची जी विचारपूस केली आहे तशी आपल्याकडे फक्त सोयरीक जमवताना करतात. दुखणं एका जागी बसतं की फिरतं? आज गुडघा, उद्या मनगट, परवा खांदा असं फिरत असेल तर ते वाऱ्याचं. एकाच जागी टोचतं, हात लावू देत नाही, रात्री वाढतं, तर तिथे रक्त साकळलेलं. अंग जड, पाय ओढत न्यावे लागतात आणि पावसाळी हवेत हाल होतात, ते ओलाव्याचं. शेकलं की बरं वाटतं ते गारठ्याचं, आग होते ते उष्णतेचं. फुगल्यासारखं, ताणल्यासारखं वाटतं, राग गिळला की वाढतं आणि ढेकर आली, उसासा टाकला की उतरतं, तिथे 'ची' अडकलेली. ची म्हणजे अंगात फिरणारी शक्ती, आपण जिला प्राण म्हणतो तिच्या जवळची. आणि बारीक बारीक, पोकळ, कुणी हात दाबून धरला की बरं वाटणारं दुखणं असतं, ते कमतरतेचं, थकलेल्या शरीराचं. गुडघा तोच असतो, पण यातलं कोणतं दुखणं त्यात आहे त्यावरून सुई कधी गुडघ्याला, कधी पायाच्या बोटाला, कधी चक्क कोपराला लागते.

मुळाशी एकच समजूत आहे, की वाट अडली की दुखतं. ती कशाने अडली ते विचारल्याशिवाय कळत नाही. चिनी पद्धतीतही नाडी बघतात, दोन्ही हातांची बघतात, जीभ बघतात. मीही बघायची. पण नाडी फार तर साक्षीदार. फिर्याद पेशंटनेच द्यायची असते. हे मी बोरीत सांगायला गेले तर दुसरा हात द्यायलासुद्धा बायका तयार नसत. "उजवा तर गड्याचा असतोय न बाई?" असं मलाच शिकवत. या उपचाराने सगळं बरं होतं असं मी कधी म्हटलं नाही. पण ज्यावर उतार पडला असता तेही कितीदा या मुक्या हातांपायी राहून गेलं, याची हळहळ मला अजून आहे.

बरं, शब्द नाहीत म्हणावं तर तसंही नाही. गळू ठसठसतं, जखम चुरचुरते, काटा सलतो, पोटरीत पेटके येतात, मान अवघडते, कंबरेत उसण भरते, ताप यायच्या आधी कणकण येते. ठणका वेगळा, सणक वेगळी, कळ वेगळी. चिनी पंडितांनी हेवा करावा इतका साठा आपल्या घरात पडून आहे. आणि माझ्यासमोरचा माणूस त्यातला एकही शब्द खर्च न करता म्हणतो, "लय दुखायलंय."

"किती ते नाही विचारलं. कसं दुखतंय?"

"कसं म्हंजे? दुखल्यावानीच दुखायलंय की."

शिकलेल्यांची तऱ्हा याहून वाईट. चुडाव्याहून रेल्वेने एक कारकून यायचे. त्यांना विचारलं कंबर कशी दुखते, तर म्हणाले, "एल-फोर एल-फाइव्ह." मी म्हटलं, ते मणक्यांच्या फोटोत दिसतं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "मला काय वाटायचं? रिपोर्टमधी छापून आलंय." मला वाटलं की त्या माणसाला घरी पाठवावं आणि फोटोलाच सुया लावाव्यात.

आणि कुणाचीही कंबर उघडी केली की तिथे बिब्ब्याच्या चटक्यांचे काळे डाग दिसायचे. बिब्बा घालणाऱ्या म्हातारीला मात्र दुखणं बसल्यापासूनची सगळी कथा सांगितलेली असायची, कारण ती घरातली. मी शिकलेली, माझी परीक्षा घ्यायला हरकत नव्हती.

बोरीतली माझी खोली एका कृषी सेवा केंद्राच्या मागे होती. मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडे खताची पोती रचलेली आणि त्यावर माझे पेशंट वाट बघत बसलेले. तिथे त्यांची तोंडं अशी सुटायची की काय सांगू! अनोळखी बाईला अनोळखी बाई आपलं अंगन्‌अंग वर्णन करून सांगायची. एकदा मी ठरवलं, की आता सरळ भिंतीला कान लावायचा. एक बाई सांगत होती, "मागल्या पायात जोरच न्हाई बगा. बसली की उठत न्हाई. उठवली तर थरथर कापती." आत आल्यावर तिने डावा हात पुढे केला. मीही मोठ्या रुबाबात नाडी धरली आणि म्हणाले, "पायात जोर नाही. बसलात की उठता येत नाही. उठल्यावर थरथरता." बाईने हात काढून घेतला. म्हणाली, "आवो, ते आमच्या म्हशीचं हाय. माझं तर डोकं दुखायलंय." त्या दिवसापासून मी भिंतीला कान लावणं सोडलं.

आता दिगंबररावांचं सांगते. माझा खरा वैताग तिथून सुरू होतो.

दिगंबरराव बोरीजवळच्याच एका खेड्यातले बागायतदार. साठीला आलेले, भरदार शरीर, मोजकं बोलणं. आसपास त्यांचं नाव होतं ते ताकदीसाठी. सोयाबीनच्या पोत्याला हमालाला हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः पाठीवर घेऊन ट्रॉलीत टाकायचे, आणि चारचौघांनी बघावं असं टाकायचे. एकदा त्यांची मान अवघडली होती तेव्हा माझ्याकडे आले होते. अवघडलेली मान ही आमच्या धंद्यातली सोपी गोष्ट. हातावरच्या एका जागी सुई लावली, मान हलवायला लावली, आणि माणूस मोकळा झाला. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता. असा विश्वास फार त्रासदायक असतो.

पुढे एका बाजाराच्या दिवशी ते परत आले. सुगीचे दिवस, खोली भरलेली. मागे त्यांच्या बायको कौसाबाई, दारातच उभ्या, पदर दातात धरलेला. दिगंबरराव स्टुलावर बसले, उजवा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डाव्या खांद्याला तकलीफ हाय. मागच्या जागीच एक मारा. भाईर ट्रॅक्टर हुबा हाय, पोती भरायचीत."

त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. मी विचारलं, "कसं दुखतं?"

"तुमी बगा की."

मी नाडी पाहिली. ताठ लागत होती, मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटत होता. पण बाजारातून तरातरा चालत आलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाची नाडी अशी लागू शकते. जीभ काढायला लावली, ती कडेने जांभळट होती. यावरून एवढंच म्हणता येत होतं की काहीतरी बरं नाही. मग खांदा दाबून पाहिला. पुढून, मागून, बगलेजवळ. कुठेही दुखलं नाही. हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला. लोण्यासारखा फिरला.

तेव्हा मला भीती वाटली. खांद्याचं दुखणं खांदा हलवला की ओरडतं. न दाबता, न हलवता जे खांद्यात येतं ते खांद्याचं नसतं, ते दुसऱ्याच कुणाचा निरोप घेऊन आलेलं असतं. डावा खांदा असेल तर पहिलं नाव छातीचं घ्यायचं. चिनी वैद्यकातही छातीची वाट अडल्याचं हे दुखणं स्पष्ट वेगळं काढलेलं आहे, पण मला शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं, की शंका आली की सुया डबीत ठेवायच्या आणि माणसाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. मात्र पाठवायचं तर त्याला काहीतरी सांगायला हवं, आणि त्यासाठी त्याने मला काहीतरी सांगायला हवं.

"कधी दुखतं? चालताना? जेवल्यावर? झोपल्यावर?"

"दुखतंय कवातरी."

"दुखतं तेव्हा काय करता?"

"काय करायचं? दुखू देतो."

"छातीत काही होतं का? दडपल्यासारखं, आवळल्यासारखं?"

"छाती काय करायची हाय? मी खांदा म्हणलं."

पलीकडच्या पलंगावरून कुणीतरी म्हणालं, "नाडीवर कळत न्हाई व्हय बाई?" आणि दोघं-तिघं हसले. माझा तोल गेला. मी म्हणाले, "जनावरांच्या डॉक्टरला न विचारता कळावं लागतं, कारण बैल बोलत नाही. तुम्हाला तर देवाने तोंड दिलंय ना!"

दिगंबररावांना हे लागलं. ते उठले, उपरणं खांद्यावर टाकलं. म्हणाले, "आमी सांगितल्यावर इलाज करायचा तर तुमाला काय डाक्टरीन म्हणायचं? राह्यलं. घरी बिब्बा घालून घेतो." आणि दाराकडे वळले.

ते बाहेर गेले असते तर थेट पोती उचलायला लागले असते. हे मला दिसत होतं. तेवढ्यात दारातून, पदराआडून आवाज आला.

"चढावर थांबतेत."

कौसाबाई बोलल्या होत्या. दिगंबररावांनी असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिथेच गप्प झाली असती. त्या गप्प झाल्या नाहीत. जमिनीकडे बघत, एका दमात बोलत राहिल्या. "शेतातून घरी येताना चढ हाय. तितं थांबतेत आन् पिकाकडं बगायल्यासारखं करतेत. ते शेत तर दुसऱ्याचंच हाय. उपरणं गच्च धरतेत. घाम येतो. जरा थांबलं की राहतंय, मंग चालतेत. परवा जेवण झाल्यावर दातात कळ आली म्हणले, दात काढून घेतो म्हणले. दात तर समदे चांगलेत."

खोलीत कुणी हसलं नाही. मला जे हवं होतं ते सगळं त्या बाईने दोन श्वासांत दिलं होतं. चढावर येतं, थांबलं की जातं, जबड्यात उतरतं, घाम फुटतो. एखाद्या निष्णात डॉक्टरने कागदावर उतरवावं इतकं ते नेमकं होतं, आणि ते तिने रोज त्या चढावर, चार पावलं मागे उभं राहून गोळा केलेलं होतं.

मी म्हणाले, "दिगंबरराव, सुई नाही. आत्ताच्या आत्ता परभणीला जायचं. हे खांद्याचं नाही, छातीचं आहे."

मग जो गोंधळ झाला तो आठवला तरी अजून डोकं फिरतं. दिगंबरराव म्हणाले, "बाईच्या बोलण्यावर चाललाय का तुमचा इलाज?" पलंगावरचा एकजण म्हणाला, "आधी सुई मारून तर बगा, फरक पडला तर कशाला परभणी?" दुसरा म्हणाला की त्याच्या मेव्हण्याचं असंच होतं, ते गॅसेस निघाले. अर्ध्या अंगाला सुया लावलेली माणसं पडल्या पडल्या सल्ले देत होती. शेवटी दिगंबरराव कसेबसे तयार झाले, तर म्हणे ट्रॅक्टर स्वतः चालवत येतो. हे ऐकून कौसाबाई एक शब्द न बोलता बाहेर गेल्या आणि दुकानदाराच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. आता चारचौघांदेखत बायकोला एकटीला कशी पाठवायची? तेही मुकाट्याने जाऊन बसले. मी पलंगांवरच्या सगळ्यांच्या सुया काढल्या, शिव्याशाप घेतले आणि त्यांच्याबरोबर निघाले.

वाटेत झरीच्या अलीकडे त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. कपाळावर घाम आला. आणि मग, मी काहीही विचारलेलं नसताना, ते आपण होऊन म्हणाले, "वलं पोतं ठिवल्यावानी वाटायलंय बगा. छातीवर."

वलं पोतं! म्हणजे शब्द होता त्यांच्याकडे. इतका चोख शब्द इतके दिवस पोटात घालून हा माणूस फिरत होता. मी म्हणाले, "हां, आणि काय वाटतंय? सांगा, सांगा." तोवर कौसाबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "बोलू नगा. दम लागंल."

परभणीत ईसीजीची पट्टी काढली आणि डॉक्टरांची धावपळ सुरू झाली. तिथून पुढे मोठ्या गावी नेलं, छातीत स्प्रिंग बसवली. माणूस वाचला. उशीर झाला असता तर काय, हे तिथल्या डॉक्टरांनी कौसाबाईंना स्पष्ट सांगितलं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण महिनाभराने एका बाजारी मी बोरीला गेले तर कृषी सेवा केंद्रासमोर जत्रा. जिंतूरकडची, सेलूकडची, कुठकुठची माणसं. पोतीही पुरेनात. दुकानदार खुशीत सांगू लागला, "बाई, समद्या पंचक्रोशीत झालंय. तुमी हात धरला, डोळे मिटले आन् म्हणल्या, काळजाची नस बंद पडायलीय." मी म्हणाले, "अरे, तू तर भिंतीपलीकडेच होतास ना? कौसाबाईंनी सांगितलं ते ऐकलंस ना?" तो म्हणाला, "त्या बोलल्या असत्याल काहीतरी. पर नाडी तर तुमीच धरली न?"

मी प्रत्येकाला खरं सांगत सुटले. नाडीवर कळलं नाही, बायकोने सांगितलं म्हणून कळलं, तुम्हीही सांगा. लोक कौतुकाने मान डोलवायचे. एक म्हातारे आपल्या मुलाला म्हणाले, "बग, इद्या असून गर्व न्हाई." आणि हात पुढे करून डोळे मिटून बसले. त्या दिवशी खोलीत असलेले लोकसुद्धा तेच सांगू लागले. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी! चमत्कार बघितला हे सांगण्यात जो मान आहे तो एका बाईला बोलताना ऐकलं हे सांगण्यात कुठला असायला? आधी दहातले दोन तरी बोलायचे. आता तेही गप्प झाले. ज्या एका गोष्टीने लोकांनी शहाणं व्हायला हवं होतं, त्याच गोष्टीने ते जास्त मुके झाले, आणि त्यात नाव माझं होत होतं.

काही महिने असेच गेले. मग उन्हाळ्यात दिगंबरराव कौसाबाईंना घेऊन आले. उतरलेले दिसत होते, पण बरे होते. पोती आता दुसरे उचलायचे आणि हे उभं राहून चुका काढायचे. आत डोकावून म्हणाले, "हिचा गुडघा दुखायलाय. बगा जरा." आणि बाहेर पोत्यांवर जाऊन बसले. लगेच प्लायवूडमधून त्यांचा आवाज यायला लागला. मी त्यांचा हात कसा धरला, डोळे कसे मिटले, ते रंगवून सांगणं चालू होतं. एरवी न बोलणारा माणूस!

कौसाबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डावा हात पुढे केला.

मी सुयांची डबी आपटली. म्हणाले, "कौसाबाई, निदान तुम्ही तरी नको. नाडीवर काही कळलं नव्हतं हे जगात आता तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. तुम्ही बोललात म्हणून तो माणूस बाहेर बसून गप्पा मारतोय."

त्यांनी घाईने दाराकडे बघितलं. "हळू बोला, बाई."

"का हळू बोलू? कुणी उठवली ही नाडीची गोष्ट, मला एकदा कळू दे, त्याला बघतेच."

"मीच सांगितली गावात," त्या म्हणाल्या.

मी दार लोटून घेतलं.

"चारचौघात बायकूनं मालकाचं दुखणं काढलं," त्या हळू आवाजात बोलू लागल्या. "दवाखान्यात व्हते तवर त्ये माझ्यासंगं बोलले न्हाईत. गोळी घ्यायचे, पाणी घ्यायचे, पर बोलायचे न्हाईत. एकदाच म्हणले, तू मला बाजारात उघडं केलं. घरी आल्यावर बाया भेटायला आल्या. ईचारायल्या, कसं कळलं वो? मी म्हणले, डाक्टरीनबाईनं नाडी धरली आन् कळलं. त्ये आतून ऐकायलते. दुसऱ्या दिशी सकाळी मला हाक मारून च्या मागितला." त्या थोडं हसल्या. "आता त्ये सोताच तसं सांगतेत. त्यांना तसंच वाटायलंय बी."

मला त्या बाईचा संताप आला आणि तेवढीच तिची माया आली. तिच्या एका वाक्यावर एक माणूस जगला होता, आणि घरात एक कप चहा मागितला जावा म्हणून तिने ते वाक्य स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं. वर माझ्या गळ्यात ही नाडी अडकवून ठेवली होती. मी म्हणाले, "तुमच्यापायी सगळा तालुका माझ्यासमोर मुका होऊन बसतो, कळतंय का?"

"तुमचं नाव झालं की पर."

"नाव जाऊ द्या. आता तुमचं सांगा. गुडघा कसा दुखतो?"

त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "गुडघा न्हाई दुखत," त्या म्हणाल्या. "त्यांना काय सांगायचं, म्हणून गुडघा म्हणले. कंबर खाली वढल्यावानी होती. उभं राह्यलं की जड, निजलं की बरं. अंग भाईर यायलंय बाई. धाकल्याच्या येळंपासून." धाकट्याला आता मिसरूड फुटलेलं होतं. "सांगते, समदं सांगते. पर भाईर गेल्यावर मालकाला म्हणायचं, नाडीवर कळलं."

त्यांनी सगळं सांगितलं. इतकं नीट माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. गर्भाशय खाली उतरण्याच्या या दुखण्याला चिनी वैद्यकात अंगातली शक्ती खचल्याचं म्हणतात, पण ते इतकं पुढे गेलेलं होतं की माझी सुई त्याला पुरली नसती. बायकांच्या डॉक्टरकडे जाणं भाग होतं. आणि मालकाने नेल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या.

मी बाहेर आले. दिगंबरराव उठून उभे राहिले. पोत्यांवरची सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "दिगंबरराव, कौसाबाईंचा गुडघा चांगला आहे. दुखणं आतलं आहे, जुनं आहे. उद्याच परभणीला बायकांच्या डॉक्टरकडे न्यायचं. ऑपरेशन म्हणाले तर करून घ्यायचं. मी नाव लिहून देते."

"तिनं सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "नाडीवर कळलं."

दिगंबररावांनी हात जोडले आणि पोत्यांकडे वळून म्हणाले, "बगा. म्हणलं न्हवतं?"

पोत्यांवर बसलेल्या सगळ्यांनी आपापल्या बाह्या वर सरकवल्या.